फिनिशमध्ये आकड्याला शेपूट कसं लावायचं (नवीन शिकणाऱ्यांसाठी)

फिनलंडला येऊन थोडे दिवस झाले की हे सगळ्यांच्याच नजरेला पडतं. बिल्डिंगच्या नोटीसवर, शाळेच्या मेलमध्ये, टॅक्सच्या पत्रात कुठेतरी एक आकडा असतो, त्याला चिकटून कोलन आणि कोलनला चिकटून दोन-तीन अक्षरं. ५:स्सॅ. १०:एएन. २०:तॅ. पहिल्यांदा वाटतं काहीतरी टायपो आहे किंवा घड्याळातली वेळ आहे. तसं काही नाही, तो विभक्तीचा प्रत्यय आहे. फिनिशमध्ये विभक्त्या पंधरा, आणि शब्दाला जो प्रत्यय लागतो तोच आकड्यालाही लागतो, फक्त मध्ये कोलन येतो.

आता खरं सांगायचं तर मराठी माणसाला हे अवघड जायचं काही कारणच नाही. आपण "५ला ये" लिहितो, "४थ्या मजल्यावर" लिहितो, "२ऱ्या दिवशी" लिहितो. ४थ्या लिहिताना आपण काय करतो, तर मनात "चौथ्या" म्हणतो आणि त्याचा शेवटचा तुकडा आकड्याला जोडतो. फिनिश लोक अगदी हेच करतात. पण इथले क्लास बहुतेक इंग्रजीच्या आधाराने चालतात आणि इंग्रजीत आकड्याला विभक्तीचा प्रत्यय लावायचा प्रकारच नाही, त्यामुळे आपणही उगाच इंग्रजीतून विचार करत बसतो आणि अडकतो.

सुरू करायच्या आधी लिपीचं सांगतो. इथे सगळं देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात आकडे आणि अक्षरं रोमनच असतात. डोक्यावर दोन टिंबं असलेला आ म्हणजे इथे ॲ (बॅट मधला). शेपटातला स्वर दोनदा लिहिला असेल तर मीही दोनदाच लिहिलाय, म्हणजे आआ, एए, ॲॲ, कारण तिथे एक अक्षर कमी-जास्त झालं की चूकच. आणि कोलनच्या आधी-नंतर स्पेस अजिबात नाही.

पायरी १: शेपूट लागतं का ते आधी बघा

बहुतेक वेळा लागत नाही! हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं. आकड्यानंतर नाम असेल तर प्रत्यय नाम दाखवतं, आकडा नुसता राहतो. "पाच दिवसांत" म्हणजे ५ पॅइवॅस्सॅ. "दहा मिनिटांत" म्हणजे १० मिनूतिस्सा. "तीन महिन्यांचा" म्हणजे ३ कूकाउदेन. कुठेही कोलन नाही.

पण वाचताना मात्र आकड्यालाही प्रत्यय लावूनच म्हणायचा. १० मिनूतिस्सा हे मोठ्याने वाचायचं असेल तर "क्युम्मेनेस्सॅ मिनूतिस्सा". लिहिलेलं नाही म्हणून "क्युम्मेनेन मिनूतिस्सा" म्हणालात तर समोरच्याला कळेल, पण कानाला खटकेल.

उलटं पण आहे. नाम आधी आणि नंबर मागून येत असेल तरी प्रत्यय नामालाच. स्टेशनवर अनाउन्समेंट होते त्यात "राइतेएल्ता ५", म्हणजे पाच नंबरच्या ट्रॅकवरून. सिवुल्ला २५ म्हणजे पान पंचवीसवर, हुओनेएस्सा १२ म्हणजे बारा नंबरच्या खोलीत. इथे आकडा वाचतानाही तसाच राहतो, नुसता "वीसी", नुसता "काक्सितोइस्ता".

सालांचं हेच. "२०२४मध्ये" हे आपण सवयीने लिहितो म्हणून फिनिशमध्येही २०२४:स्सॅ लिहायचा मोह होतो, तसं लिहू नका. साल म्हणजे वुओसी, तो शब्द पुढे घ्यायचा आणि त्याला प्रत्यय लावायचा. वुओन्ना १९१७ (१९१७ साली), वुओदेस्ता १९१७ (१९१७पासून), वुओतेएन २०३० मेन्नेस्सॅ (२०३०पर्यंत), वुओदेन २०२५ (२०२५चा). आकड्याला हात लावायचा नाही.

मग कोलन लागतो कधी? आकडा एकटा उभा असेल, त्याच्या बाजूला प्रत्यय घ्यायला कोणीच नसेल, तेव्हा. "पाचपर्यंत", "दहापैकी", "तीनला", असलं काही.

पायरी २: आकडा शब्दात म्हणा

आकड्याकडे बघून शेपूट ठरत नाही, शब्दावरून ठरतं. त्यामुळे एक ते दहा तोंडपाठ हवेतच: युक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्यॅ, वीसी, कूसी, सेइत्सेमॅन, काह्देक्सान, युह्देक्सॅन, क्युम्मेनेन. शंभर साता, हजार तुहात, शून्य नोल्ला. मराठी कानाला यात दोन जागी घोळ होतो, वीसी ऐकून वीस वाटतं पण ते पाच, आणि साता ऐकून सात वाटतं पण ते शंभर. (साता आपल्या "शत"चाच नातेवाईक आहे, हजारो वर्षांपूर्वी इंडो-इराणी भाषांकडून तिकडे गेलेला.)

आता प्रत्यय लागला की हे शब्द आतून बदलतात. वीसीचं वीदेस्सॅ होतं, काक्सीचं काह्देस्सा, युक्सीचं युह्देस्सॅ, साताचं सादास्सा. हा बदल बोलताना करायचा, लिहिताना तो आकड्याच्या पोटात जातो आणि बाहेर फक्त प्रत्यय राहतो. वीदेस्सॅ = ५:स्सॅ. सादास्सा = १००:स्सा. म्हणजे लिहिणं बोलण्यापेक्षा सोपं.

पायरी ३: आ की ॲ

फिनिशमध्ये प्रत्ययाचा स्वर शब्दाच्या स्वराप्रमाणे बदलतो, स्सा किंवा स्सॅ, ल्ला किंवा ल्लॅ, स्ता किंवा स्तॅ. आकड्यांसाठी हे सरळ पाठ करून टाका, विचार करत बसू नका.

ॲ वाले: १, ४, ५, ७, ९, १०.
आ वाले: ०, २, ३, ६, ८, १००, १०००.

मोठ्या आकड्यात शेवटचा शब्द बघायचा. २३ च्या शेवटी कोल्मे, म्हणून २३:स्सा. २५ च्या शेवटी वीसी, म्हणून २५:स्सॅ. २० च्या शेवटी शून्य दिसतं पण शब्दात शेवटी "दहा" आहे (दोन-दहा असा शब्द आहे), म्हणून २०:स्सॅ, ३०:स्सॅ, ९०:स्सॅ, सगळे दशक ॲ वाले. २००, ५०० शेकड्यावर संपतात, म्हणून २००:स्सा.

काही प्रत्ययांना ही भानगडच नाही. षष्ठीचा न (चा, ची, चे) सगळ्यांना सारखाच: १:न, ५:न, १००:न. आणि "ला" या अर्थाचा ल्ले पण सारखाच: ३:ल्ले, ५:ल्ले.

न बद्दल एक गंमत सांगतो. सात, आठ, नऊ, दहा हे मुळातच न वर संपतात आणि षष्ठीतही शब्द तसाच राहतो, सेइत्सेमॅन तो सेइत्सेमॅनच. त्यामुळे बोलताना ७ आणि ७:न यात काही फरक नाही, लिहिताना मात्र आहे. "सात नंतर" म्हणजे ७:न यॅल्केएन. ऐकून लिहिणाऱ्याचा हा न हमखास राहतो.

पायरी ४: दोन त्रासदायक विभक्त्या

बाकी सगळं एका संध्याकाळी जमतं, या दोघींना वेळ द्या.

पहिली पार्टिटिव्ह, म्हणजे "थोडंसं, काही भाग, अपूर्ण" वगैरे अर्थाची विभक्ती. ही प्रत्येक आकड्याला वेगळी लागते, नियम शोधण्यापेक्षा यादी पाठ केलेली बरी:

१:तॅ, २:ता, ३:आ, ४:ॲॲ, ५:तॅ, ६:ता, ७:ॲॲ, ८:आआ, ९:ॲॲ, १०:तॅ, १००:आआ, १०००:ता.

यात ५ नीट बघा. बोलताना शब्द आहे "वीत्तॅ", जोड त स्पष्ट ऐकू येतो. म्हणून लोक ५:त्तॅ लिहितात. पण त्यातला पहिला त शब्दाचा आहे, प्रत्यय फक्त तॅ, म्हणून ५:तॅ. आणि ५:त्तॅ असंही फिनिशमध्ये असतं, पण ते "वीदेत्तॅ", म्हणजे पाचव्याची पार्टिटिव्ह. एका त ने पाचचं पाचवं होतं. ६ ला पण तेच, कूत्ता ऐकू येतं पण लिहायचं ६:ता.

दुसरी इलेटिव्ह, "आत" किंवा "पर्यंत" या अर्थाची. हिचा प्रत्यय म्हणजे शेवटचा स्वर लांबवायचा आणि न लावायचा. लिहिताना तो लांब स्वर पूर्ण लिहायचा:

१:एएन, २:एएन, ३:एएन, ४:ॲॲन, ५:एएन, ६:एएन, ७:ॲॲन, ८:आआन, ९:ॲॲन, १०:एएन, १००:आआन, १०००:एएन.

पाचचा शब्द वीतेएन आहे, पण ५:तेएन लिहायचं नाही. त शब्दाचा, एएन प्रत्ययाचा. थोडक्यात, एक-दोन-तीन अशा साध्या आकड्यांना कोलननंतर फक्त विभक्तीचा प्रत्यय, शब्दाचं एकही अक्षर नाही.

कामाचं वाक्य: "पाचपर्यंत पाठवा" यातलं पाचपर्यंत म्हणजे केल्लो (वाजता) ५:एएन मेन्नेस्सॅ. हे ऑफिसात रोज लागतं.

पायरी ५: अकरा ते एकोणीस, आणि मोठे आकडे

११ ते १९ हे "एक-तोइस्ता, दोन-तोइस्ता" असे शब्द आहेत आणि तोइस्ता कधी बदलत नाही. त्यामुळे प्रत्यय शब्दाच्या मधोमध लागतो: वीदेस्सॅतोइस्ता, पंधरामध्ये. लिहिताना मात्र तो बिनधास्त शेवटी, १५:स्सॅ. आ की ॲ हे तोइस्ता बघून नाही, पुढचा आकडा बघून: १२:स्सा (काह्देस्सातोइस्ता), १७:ॲॲन (सेइत्सेमॅॲन्तोइस्ता), १८:आआन.

मोठ्या आकड्यात तर शब्दाच्या प्रत्येक भागाला प्रत्यय लागतो. ३६५मध्ये म्हणायचं असेल तर कोल्मेस्सासादास्साकूदेस्साक्युम्मेनेस्सॅवीदेस्सॅ. एकच शब्द आहे हा, आणि त्यात स्सा/स्सॅ पाच वेळा आलाय. आकड्यात लिहिलं की ३६५:स्सॅ, संपलं. कोलनची पद्धत का आहे ते इथे कळतं.

हजारांच्या जागी फिनिशमध्ये स्वल्पविराम नाही, स्पेस असते, १० ०००. आणि स्वल्पविराम दशांशाला, ३,५ म्हणजे साडेतीन. भारतातून आलेल्या माणसाने हे बिलं भरताना विशेष लक्षात ठेवावं.

पायरी ६: पहिला-दुसरा-तिसरा, म्हणजे टिंब

आकड्यानंतर टिंब असलं की तो क्रमवाचक: ५. म्हणजे पाचवा. पुढे नाम असेल (आणि जवळपास नेहमी असतंच) तर टिंब तेवढं ठेवायचं, प्रत्यय नामाला: ३. केर्रोक्सेस्सा, तिसऱ्या मजल्यावर. इथे तळमजला म्हणजेच १. मजला धरतात बरं का, त्यामुळे फिनिश ३. म्हणजे आपला दुसरा, पार्सलवाला वर-खाली करतो ते यामुळेच.

नाम नसेल तर टिंब जातं, कोलन येतो, आणि इथे मात्र क्रमवाचकाची खूण पण प्रत्ययाबरोबर लिहावी लागते. ५:न्नेन (पाचव्याचा), ५:न्नेस्सॅ (पाचव्यात), ५:न्तेनॅ (पाचवा म्हणून), ५:न्तेएन. तुलना करा: ५:स्सॅ पाचमध्ये, ५:न्नेस्सॅ पाचव्यात. पहिला आणि दुसरा वेगळेच शब्द आहेत (एन्सिम्मॅइनेन, तोइनेन) म्हणून त्यांचं १:सेन, २:सेन. हे सगळं ओळखता आलं तरी खूप झालं, स्वतः लिहायची वेळ क्वचितच येते, आणि आलीच तर अक्षरात लिहा.

राजांच्या नावापुढे रोमन आकडे असतात, ते टिंबाशिवायच क्रमवाचक. हेलसिंकीच्या सेनेट स्क्वेअरमध्ये मधोमध जो पुतळा आहे (१८९४ चा) तो दुसऱ्या अलेक्झांडरचा, लिहिताना नाव, रोमन दोन, कोलन, न, आणि वाचायचं "तोइसेन".

पायरी ७: तारीख आणि वेळ

तारखेला शेपूट लावायचं नाही. ६.१२. असं लिहितात, दोन्ही आकड्यांनंतर टिंब, कारण दोन्ही क्रमवाचक आहेत: "कूदेस काह्देत्तातोइस्ता", म्हणजे बाराव्यातला सहावा. (६ डिसेंबर म्हणजे इथला स्वातंत्र्यदिन, १९१७ चा.) ६.१२. मेन्नेस्सॅ म्हणजे सहा डिसेंबरपर्यंत. वाचताना "कूदेन्तेएन काह्देत्तातोइस्ता मेन्नेस्सॅ" म्हणायचं, लिहिताना काही नाही. महिन्याचं नाव लिहायचं असेल तर ६. योउलुकूता, महिना पार्टिटिव्हमध्ये.

वेळेत तास-मिनिटांमध्ये कोलन नाही, टिंब, १४.३०. म्हणजे फिनिश मजकुरात आकड्यानंतर कोलन आणि अक्षरं दिसली की ती वेळ नाही, शेपूट. "नऊ ते पाच" लिहायचे दोन मार्ग आहेत. एक तर आडवी रेघ, ९–१७, कुठलाही प्रत्यय नाही. नाहीतर पूर्ण, ९:स्तॅ १७:ॲॲन. अर्धं हे अर्धं ते (९:स्तॅ–१७) करू नका. दुकानाच्या दारावर कंसात वेळ दिसली तर ती शनिवारची असते, हे जाता जाता.

पायरी ८: कोलन, जोडरेघ की स्पेस

इथे सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो, आणि नियम म्हणाल तर अगदी सोपा. विभक्तीचा प्रत्यय असेल तर कोलन. आकडा आणि शब्द मिळून एक सामासिक शब्द होत असेल तर जोडरेघ. आकड्यापुढे वेगळं नाम असेल तर स्पेस.

७-वुओतिआस म्हणजे सात वर्षांचा (मूल), जोडरेघ. शाळेच्या फॉर्मवर हा शब्द सारखा दिसेल कारण मूल ज्या वर्षी सातचं होतं त्या वर्षी सक्तीची शाळा सुरू होते. १९९०-लुवुल्ला म्हणजे नव्वदच्या दशकात, जोडरेघ, आणि प्रत्यय शब्दाच्या शेवटी. १८००-लुकु म्हणजे एकोणिसावं शतक, अठरावं नाही, सांभाळा. २० एउरोन सेतेली म्हणजे वीस युरोची नोट, इथे स्पेस, कारण युरो स्वतंत्र शब्द आहे आणि प्रत्यय त्यालाच लागलाय.

चिन्ह असेल तर शेपूट चिन्हाला. २५,५ %:न म्हणजे साडेपंचवीस टक्क्यांचा, सप्टेंबर २०२४ पासून इथला सर्वसाधारण व्हॅटचा दर हाच आहे. मला विचाराल तर % च्या चिन्हाऐवजी प्रोसेन्तिन असा शब्द लिहा, वाचायला बरं आणि कोलनची कटकट नाही.

पत्त्याला मात्र आकड्यालाच शेपूट लागतं. संसद भवन मान्नेरहेइमिन्तिए ३० ला आहे, तर "तिथे" म्हणजे मान्नेरहेइमिन्तिए ३०:स्सॅ. नको असेल तर आधी ओसोइत्तेएस्सा (पत्त्यावर) हा शब्द टाका आणि पुढे पत्ता जसाच्या तसा, सुटलात.

आणि ट्रॅम-बसचे, रस्त्यांचे नंबर बोलताना वेगळेच शब्द असतात, चार नंबरची ट्रॅम म्हणजे नेलोनेन, तिने जायचं म्हणजे नेलोसेल्ला. हेलसिंकीहून पार उत्तरेला उत्स्योकीपर्यंत जाणारा हायवे ४, तो नेलोस्तिए. हे शब्द अक्षरातच लिहायचे. ४:ल्लॅ लिहिलंत तर वाचणारा "नेल्यॅल्लॅ" वाचेल, ती ट्रॅम राहणार नाही.

पायरी ९: तेच शेपूट इतर ठिकाणी

एकदा हे जमलं की संक्षेप फुकटात जमतात. एकेक अक्षर सुटं वाचलं जात असेल तर कोलन: ईयू:न (युरोपियन युनियनचं), ईयू:स्सा (त्यात), ईयू:हुन (त्याच्या आत). रेल्वेवाली व्हीआर:न, हेलसिंकीच्या बस-ट्रॅमची व्यवस्था बघणारी एचएसएल:न. पण शब्दासारखं वाचलं जात असेल तर कोलन नाही: केलान (केलाचं, म्हणजे इथल्या सामाजिक विमा संस्थेचं), नोकिआन. केलाला कोलन लावलेला दिसला की समजायचं लिहिणारा नवीन आहे.

शेवटी कायद्याची भाषा, कारण परमिटचा निर्णय हातात आला की ती वाचावीच लागते. तिथे ६ §:न २ मोमेन्त्ती असं काहीतरी दिसेल. § म्हणजे प्युकॅलॅ, कलम, आणि शेपूट त्या चिन्हाला लागलंय. पण मेख अशी की कायद्यात क्रमवाचकाचं टिंब लिहीतच नाहीत. ६ §:न हे "कूदेन्नेन प्युकॅलॅन" असं वाचायचं, सहाव्या कलमाचा, आणि २ मोमेन्त्ती म्हणजे तोइनेन मोमेन्त्ती, दुसरा परिच्छेद. फिनलंडच्या राज्यघटनेत (१ मार्च २००० पासून लागू) नेमका हाच पत्ता भेदभावाला मनाई करणाऱ्या तरतुदीचा आहे, तेव्हा सराव करायचाच असेल तर ६ §:न २ मोमेन्त्ती मोठ्याने वाचून बघा, आणि मग त्याच ओळीला "मध्ये" लावा: ६ §:न २ मोमेन्तिस्सा, कूदेन्नेन प्युकॅलॅन तोइसेस्सा मोमेन्तिस्सा.